बुडवलेली झाडे

ब्लॅकगम लँडिंग, आर्कान्सा
सोमवार, ९ जून १९८६

बंधू डॉयल यास,

अळ्या आल्या. तू आला नाहीस.

माझ्या परसातल्या कॅटाल्पाच्या झाडावर गेल्या आठवड्यापासून जे चर्वण चालले आहे ते खिडकी बंद करूनही ऐकू येते, असे इमोजीनचे म्हणणे आहे. माझी पत्नी अतिशयोक्ती करत नाही, हे तुला ठाऊक आहे. फक्त माझ्याविषयी बोलताना करते. दरवर्षी जूनच्या आरंभी तू कॉफीचा रिकामा डबा घेऊन यायचास. खालच्या फांद्या आपल्या, वरच्या झाडाच्या, हा करार. वरच्या अळ्या जमिनीत उतरल्या तरच पुढचा हंगाम, म्हणून झाड कधी पुरते ओरबाडायचे नाही. यंदा ओरबाडायला कोणीच आले नाही, तर अळ्यांनी ते काम स्वतःच केले. झाड जूनमध्ये डिसेंबरसारखे उभे आहे. तिकडे ब्रीम मासे उथळ पाण्यात अंड्यांवर बसले आहेत, आणि ही अळी आतली बाजू बाहेर उलटून गळाला लावली की ब्रीमची विवेकबुद्धी संपते, हे मला तूच शिकवलेस.

मी रागावलेलो नाही. हे आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या मजकुरावरून तसा समज होण्याचा संभव आहे.

एप्रिलमध्ये आपल्या तरुण पाळकांनी, बंधू पिकन्स यांनी, ठराव मांडला की तळ्याकाठचे हे जुने चर्च विकून टाकावे आणि मंडळीने पलीकडच्या तीरावर, हमरस्त्यालगतच्या बंद पडलेल्या स्केटिंग हॉलमध्ये जावे. तिथे एअर कंडिशनर आहे, सुट्टीला येणारी सधन माणसे आहेत. प्रभू दोन्ही तीरांवर आहे, पण पार्किंग एकाच. विरोधात हात वर करा म्हटल्यावर तुझा हात माझ्याआधी वर गेला. मी तो पाहिला; ग्रीसने काळा होता. ठराव पडला. पिकन्स पडले नाहीत, ते अर्धी मंडळी घेऊन पलीकडे गेले. आपण उरलो.

मग मेच्या शेवटच्या रविवारी पुढच्या, आपल्या दोघा डीकनांच्या बाकावर मी एकटाच बसलो होतो. तुला बरे नसेल असे वाटले. उपासना संपल्यावर ऑटीबाई जवळ आल्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आणि आवाज सगळ्यांच्या पुढे. म्हणाल्या, "डॉयल आणि त्याची लाव्हेल, नवराबायको दोघं पलीकडे गेले ना, मास्तर. तुम्हाला सांगून गेले असतील."

मी म्हणालो, "हो, तर."

चर्चमध्ये उभे राहून, डीकनच्या कोटात, मी खोटे बोललो. तेही तुझी लाज राखण्यासाठी.

त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी मात्र नेहमीच्या वेळी तुझा फोन आला आणि, मान्य करतो, मी दुसऱ्या घंटेची वाट पाहिली नाही. आमच्या साप्ताहिकात तलावांचा अहवाल ग्रेडी लस्क या नावाने छापून येतो. पण ग्रेडी लस्क शाळेत लॅटिन शिकवतो आणि त्याला माशांमधले एवढेच कळते की ते ओले असतात. पाणी किती तापले, किती निवळले, कोणता मासा कोणत्या आमिषाला येतो, हे सगळे मंगळवारी तू सांगायचेस आणि बुधवारी मी त्याला कपडे घालून छापखान्यात पाठवायचे, असे आपले बारा वर्षे चालले आहे. तू म्हणालास, "माशांना पंथ नसतो, मास्तर. अहवालाचं आपलं चालू राहू दे."

राहू दे म्हणालो. बाकीचे मी विचारले नाही आणि तू सांगितले नाहीस.

थोड्या अळ्या मक्याच्या पिठात घोळवून फ्रीजरमध्ये ठेवल्या आहेत. इमोजीनचा त्यांना तात्त्विक विरोध आहे. लवकर ने.

तुझा,
ग्रेडी


बुधवार, २५ जून

बंधू डॉयल,

काल तू पुष्कळ वेळ बोललास आणि सगळे पाण्याविषयी बोललास. मी विचारले, लाव्हेल कशी आहे. तू म्हणालास, वारा दक्षिणेचा आहे.

आज सकाळी दिलेला मजकूर असा: "सॉरेल तलाव: पाणी गढूळ, अंधार पडल्यावर कॅटफिश कोंबडीच्या कलेजीवर बरे. ओल्ड रिव्हर: पाणी उतरते आहे, बास पहाटे, पृष्ठभागाजवळ. ब्लॅकगम तलाव: क्रॅपी मासे गिनी क्रीक ओढ्याच्या मुखाशी, पंधरा फूट खोल, बारीक जिवंत मिनो-मासोळीवर, धीर धरणाऱ्यास." धीर तुझा. प्रत्यय तेवढा माझा.

आता जे लिहितो ते तुला ठाऊक आहे, पण ठाऊक असलेले लिहून पाठवणे यालाच आठवण करून देणे म्हणतात.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी भेटीचा दिवस. मेम्फिसला, डॅलसला पोटापाण्यासाठी गेलेली आपली माणसे येतात, आईबापांच्या कबरींवरचे गवत उपटतात, गातात, आणि मग पेकनच्या झाडांखाली लांब टेबलांवर तळलेले क्रॅपी, मक्याचे गोळे आणि कोबीची कोशिंबीर. यंदा जेवणानंतर मतदान आहे. चर्चची दारे उघडी ठेवायची, की आम्ही उरलेल्या तीस-एक जणांनी सॉरेलच्या मंडळीत विलीन व्हायचे. बाहेरगावच्या ज्यांची नावे अजून पटावर आहेत त्यांनाही मत आहे. ऑटीबाईंचे राजकारण सरळ आहे: माणूस माशासाठी येतो, खाताना हळवा होतो, आणि मत नेमके तेव्हा घ्यायचे.

क्रॅपी विकत आणता येत नाही. आपल्याकडे त्याची विक्री कायद्यानेच बंद. ज्याने धरला त्यानेच वाढायचा. शेततळ्यात पोसलेले कॅटफिश बाजारात मिळतात, पण ऑटीबाई म्हणतात, भेटीच्या रविवारी बाजारचा मासा वाढणे म्हणजे लग्नात भाड्याचा नवरा उभा करणे. म्हणून जून-जुलैभर सगळी मंडळी अहवाल वाचून गळ टाकते आणि धरलेले मासे ऑटीबाईंच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवते. जे कमी पडेल ते शेवटच्या आठवड्यात आपण दोघे आपल्या ढिगांवरून भरतो.

ढीग हा शब्द लिहिताना मी खिडकीतून बाहेर पाहिले, कोणी डोकावत नाही ना म्हणून. एकोणीस हिवाळे आपण गावाने फेकून दिलेली नाताळची झाडे गोळा केली, तारेने सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधली आणि तुझ्या होडीतून तलावात सोडली. गावातल्या प्रत्येक घराचा कुठला ना कुठला नाताळ तिथे तळाशी आहे. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, खालच्यात प्राणवायू उरत नाही. मधल्या पट्ट्यात, त्या झाडांच्या शेंड्यांवर, क्रॅपी स्थितप्रज्ञासारखे अधांतरी उभे असतात. एक जूननंतर तिथे गळ टाकायचा नाही, भेटीच्या आठवड्याच्या सोमवारपर्यंत ढीग विसावू द्यायचे, हा आपला नियम. जागा आपल्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नाहीत. इमोजीनलाही नाहीत, आणि माझ्या डोक्यातले बाकी सगळे तिला ठाऊक असते.

हा नियम पंथाचा नाही, तेव्हा तू तो पाळत असशील असे गृहीत धरतो. गृहीत धरल्याचे लिहून कळवतो, एवढाच काय तो संशय समज.

सोमवार, २८ जुलै. पहाटे, नेहमीच्या धक्क्यावर. तुझी होडी, माझी कॉफी.

ग्रेडी


सोमवार, १४ जुलै

डॉयल,

ऑटीबाईंनी काल मला त्यांचा फ्रीजर उघडून दाखवला. त्यात मटार आहेत.

गेले तीन आठवडे मंडळीतले जे कोणी काठी धरू शकते ते गिनी क्रीकच्या मुखाशी जाऊन बसते आहे. पाणी नव्वद अंश फॅरनहाइटच्या वर गेले आहे, माणसेही तशीच तापली आहेत. हब यान्सीच्या आमिषांच्या दुकानात मिनो घ्यायला गेलो, तर रातकिड्यांच्या पेटीवर कोपर टेकून तो म्हणाला, "मास्तर, गिनी क्रीकवर मासे होते ते तुमच्या सीझरच्या काळात. ताजी बातमी नाही का काही?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. मग मी त्यांना उष्म्याचे शास्त्र समजावून सांगितले, जे तू मला फोनवर समजावले होतेस, आणि ते मला जितके पटले होते तितकेच त्यांना पटले असे वाटते.

घरी इमोजीन म्हणाली, "तो तुला मासे नसतील तिथलाच पत्ता देतोय, ग्रेडी."

मी तिला बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तू ऐकले असतेस तर तुला आनंद झाला असता. मग व्हरांड्यात जाऊन बसलो. तिने माझे ताट तिथे आणून ठेवले, पण वाक्य मागे घेतले नाही.

म्हणून गेल्या मंगळवारी मी तुला सरळ विचारले की जागा नक्की तीच ना. तू थोडा थांबलास. मला वाटले तू नोंदी पाहतो आहेस. मग म्हणालास, "ऊन जरा उतरू दे, मास्तर. माझ्यावर भरवसा आहे ना?" आहे म्हणालो. बुधवारी पुन्हा गिनी क्रीक लिहिले, वर 'पहाटे लवकर गेल्यास' हे पदरचे घातले. तुझ्या शब्दाला मी आजवर पदरचे काही लावत नव्हतो. हे का लावावेसे वाटले, त्याचा विचार अजून केलेला नाही.

अळ्या अजून फ्रीजरमध्ये आहेत.

ग्रेडी


बुधवार, २३ जुलै

डॉयल,

येत्या शनिवारी स्केटिंग हॉलच्या अंगणात तुमची मंडळी मासे तळणार आहे, असे हबने सांगितले. आमंत्रण नाही, अपेक्षाही नाही. क्रॅपी आहेत म्हणे, आणि भरपूर. कुठे मिळाले एवढे कळव, अहवालात घालीन. आमच्याकडच्या लोकांना उपयोग होईल.

काल तुझा फोन आला नाही. तारेत काही बिघाड असावा. मी रिसीव्हर उचलून पाहिला, माझ्या बाजूने आवाज ठीक येतो.

ग्रे.


सोमवार, २८ जुलै

श्री. डॉयल हॅचर यांस,

आपण आज सकाळी समक्ष भेटलो आहोत, तेव्हा या पत्राची आवश्यकता नाही. पण बोलताना माझा आवाज माझ्या ताब्यात नव्हता. अक्षर आहे.

शनिवारी वारा तुमच्या बाजूने होता. आम्ही आमच्या व्हरांड्यात बसून तुमच्या तेलाचा वास घेतला. तरीही मी मनात म्हणालो, मासे कुठूनही आले असतील, तलाव मोठा आहे. आज पहाटे धक्क्यावर कॉफीचा थर्मास घेऊन तुझी वाट पाहिली. उजाडले तेव्हा हबची भाड्याची होडी घेतली आणि एकटा निघालो.

पहिल्या ढिगावर मिनो सोडला. तो बिचारा खाली जाऊन, सगळीकडे पोहून, जिवंत परत आला. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर गळ अडकला. ओढला तर फांदीच मोडून वर आली. तिच्यात तुटलेल्या दोऱ्या गुंतल्या होत्या, फणीत केस गुंततात तशा. नव्या, कोऱ्या, स्वस्त दोऱ्या. जाणता माणूस त्या वापरत नाही, त्या नवख्यांच्या. कोणाच्या तरी जुन्या नाताळची चंदेरी झिरमिळीही त्याच फांदीला होती. मी ती फांदी होडीत घेतली आणि बाकीचे ढीग न पाहता तुझ्या धक्क्याकडे आलो.

तू पाइप लावून होडी धूत होतास. मला पाहून नळ बंद केला नाहीस.

"मला वाटलंच होतं तू आज येशील, मास्तर."

"सोमवार आहे," मी म्हणालो. फांदी तुझ्या पायाशी ठेवली.

तिच्याकडे पाहून तू म्हणालास, "पोरं हावरट झाली. पुरे म्हणून सांगितलं होतं मी."

मी विचारले, जागा किती जणांना दाखवल्यास. पिकन्सना, म्हणालास, आणि दोघाचौघांना. हे तू असे सांगितलेस की जणू दोघेचौघे म्हणजे कोणीच नव्हे.

"आणि गिनी क्रीक?"

तेव्हा कुठे तू नळ बंद केलास. "तिथं मेपासून काही नाही. तुम्ही सगळे लांब असायला हवं होतं. तिथून ढीग दिसत नाहीत."

डॉयल, मला वाटले होते तू चुकला असशील. तलावावरून येतानाही, ती फांदी होडीत असतानाही, मला तसे वाटत होते. तू चुकला नव्हतास. माझी माणसे तलावाच्या ज्या कोपऱ्यातून काही दिसणार नाही त्या कोपऱ्यात बसावीत, म्हणून तू त्यांना तिथे बसवलेस, आणि बसवायला माझे नाव वापरलेस.

का, असे मी विचारल्यावर तू जे सांगितलेस ते इथे तुझ्या शब्दांत लिहितो, म्हणजे पुढे माझ्याकडून त्यात फिरवाफिरव व्हायला नको. लाव्हेलला आपल्या चर्चमध्ये उन्हाळ्यात श्वास घेता येत नाही. हॉलमध्ये थंड असतं, तिथं ती पूर्ण उपासना बसू शकते. "पण नव्या ठिकाणी आम्हाला कोण ओळखत होतं? रिकाम्या हातानं कसं जायचं, मास्तर? माझ्याकडं द्यायला दुसरं आहे काय? मला गाता पण येत नाही."

हे तू मला एप्रिलमध्ये सांगितले असतेस तर लाव्हेलची बाकावरची उशी मी स्वतः उचलून पलीकडे पोचवली असती. मी ते तुला म्हणालोही. मग म्हणालो, पण तू तर विरोधात हात वर केला होतास.

"तू बघत होतास, म्हणून," तू म्हणालास.

मी फांदी तुझ्या पायाशीच ठेवून होडीत बसलो. आता संध्याकाळ झाली आहे.

ग्रेडी लस्क


मंगळवार, ५ ऑगस्ट

श्री. हॅचर,

भेटीचा रविवार पार पडला.

शेवटच्या आठवड्यात लोकांनी जमेल ते केले. हबने थोडे ब्रीम आणले; ते मुलांना पुरले. बाकीच्यांसाठी ऑटीबाईंनी सामन माशाचे डबे फोडले, अंडे आणि बिस्किटांचा चुरा घालून टिक्क्या वळल्या आणि ज्या बिडाच्या कढईत पन्नास वर्षे क्रॅपी तळले त्याच कढईत त्या तळल्या. अलास्काचा मासा, ब्लॅकगम तलावाच्या काठावर. पाहुणे सभ्यपणे जेवले. सभ्यपणा मी इतका जवळून पूर्वी पाहिला नव्हता. मेम्फिसहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, यंदा तलाव आटला का. मी म्हणालो, "नाही, तलाव आहे."

ऑटीबाई त्यांना म्हणाल्या, "मास्तरांनी सांगितलं तिथं आमची माणसं रोज जाऊन बसली हो. मास्तर चुकीचं सांगायचे नाहीत. पाणीच बिघडलं असणार." त्यांनी माझ्या बाजूने साक्ष दिली आणि वर माझ्या ताटात आणखी एक टिक्की घातली. मी ती खाल्ली.

मग मत घेतले. ऑक्टोबरअखेर दारे बंद करायची असे ठरले. अंतर फार नव्हते. हे माशांमुळे झाले असे मी शपथेवर सांगणार नाही. छप्पर गळते, माणसे म्हातारी होतात, आणि आपला पियानो निम्मे स्वर स्वतःपाशीच ठेवतो. पण पोटभर जेवलेली माणसे निरोप घ्यायला कचरतात, हे मी वर्षानुवर्षे त्या झाडांखाली पाहिले आहे. यंदा कोणी कचरले नाही. चार वाजता मैदान रिकामे होते.

तुझे नाव मी कोणापाशी घेतलेले नाही. याला औदार्य समजू नकोस. तुझे नाव घ्यायचे तर हेही सांगावे लागेल की अहवालात माझे असे कधीच काही नव्हते. तेवढे धैर्य अजून जमलेले नाही.

आज मंगळवार. फोनची वाट पाहिली नाही. या आठवड्याचा अहवाल मी स्वतः लिहिला आहे, पहिल्यांदाच. उद्या सकाळी छापखान्यात देतो. हे पत्र तुला मिळेपर्यंत शाई वाळलेली असेल. मजकूर असा:

"ब्लॅकगम तलाव. पाणी तापलेले, निवळ. क्रॅपी खोल झाडांवर. होडीतून पाहता पाण्याच्या टाकीचे डोके चर्चच्या मनोऱ्यावर नेमके बसते आणि उजवीकडे यान्सी यांच्या दुकानाचे लाल छप्पर वठलेल्या सायप्रसला टेकते, तिथे होडी थांबवावी. अठरा फूट खाली नाताळची झाडे बुडवलेली आहेत. गळ झाडांच्या शेंड्याच्या थोडा वर ठेवावा. मिनो जिवंत, मध्यम. गळ बारीक तारेचा वापरावा. फांदीत अडकला तर ओढल्यावर सरळ होतो आणि सुटतो. ढिगावरचे मासे नुकतेच काढले गेले आहेत, पण दोन आठवड्यांत ढीग पुन्हा भरतात."

यापुढे दुसरा ढीग, तिसरा, आणि असे सगळे, ज्याच्या त्याच्या खुणांसह. एकही वगळलेला नाही. संपादकांनी विचारले, एवढा लांब का, तर म्हणेन, यंदा जागा पुष्कळ साठली होती.

सगळ्यांचे होऊ देत. आपल्या दोघांचे म्हणून तळाशी काही राहावे, अशी माझी आता इच्छा नाही.

ग्रेडी लस्क


सोमवार, ११ ऑगस्ट

डॉयल,

अहवाल गुरुवारी छापून आला. संपादकांनी त्यातला एक स्वल्पविरामही काढला नाही.

मला वाटले होते, शुक्रवारपर्यंत तलावावर होड्यांना होड्या लागतील. तू हळहळशील, मी काठावर उभा राहून ते पाहीन, आणि मला बरे वाटेल की वाईट ते तेव्हा ठरवीन. शुक्रवारी दुपारी हबच्या दुकानात गेलो. अंक काउंटरवर होता, रातकिड्यांच्या पेटीखाली अंथरलेला. हब म्हणाला, "मास्तर, यंदा पोरांना पुष्कळ हिंडवलंत तुम्ही. आता म्हणताय टाकी मनोऱ्यावर बसवा." बाकावर चारजण होते, चौघेही हसले. त्या हसण्यात द्वेष नव्हता. त्यांच्यातल्या एकाने सरकून मला बसायला जागाही करून दिली.

मी म्हणालो, "या वेळी खरं आहे."

बोलल्यावर माझे मला ऐकू आले. हब मिनोंच्या टाकीतले मेलेले मासे जाळीने वेचू लागला.

पलीकडच्या पोरांना या जागा ठाऊक आहेत, पण एकदा उपसलेला ढीग कायमचा संपला अशी त्यांची समजूत; ती आता पाण्यावर स्की करत हिंडतात. राहता राहिले काउंटीतले बाकी सगळे, आणि त्यांनी हे वाचून मान हलवली. बारा वर्षांत मी लिहिलेला हा एकमेव अहवाल, ज्याचा शब्द न् शब्द मला स्वतःला ठाऊक होता. ऑटीबाईंनी तेवढा तो कापून ठेवला आहे, लिहिले छान आहे म्हणून.

शनिवारी पहाटे मी हबची होडी घेतली. का घेतली ते विचारू नकोस. तू विचारणार नाहीसच. होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर एकही गाडी उभी नव्हती. वारा नव्हता, पाणी तासलेल्या फळीसारखे होते, रात्री थोडे गार झाले होते. या उन्हाळ्यातला गळ टाकण्याजोगा पहिला दिवस म्हणायला हरकत नव्हती. पहिल्या ढिगावर कोणी नव्हते. दुसऱ्यावर नव्हते. मी प्रत्येक जागी थांबलो, टाकी मनोऱ्यावर बसवून पाहिली, छप्पर सायप्रसला टेकवून पाहिले. खुणा बरोबर होत्या. मी काही चुकीचे लिहिले नव्हते.

शेवटचा ढीग वळणाआड आहे. मोटार बंद करून वल्ह्याने वळण घेतले, तर तिथे एक होडी उभी होती. तुझी पाठ माझ्याकडे होती. टोपी काढून मांडीवर ठेवली होतीस. मी पाहत असतानाच तू एक क्रॅपी वर काढलास, चांगला रुंद, आणि गळ सोडवून त्याला परत पाण्यात सोडून दिलेस. मग पुन्हा मिनो लावलास.

साऱ्या काउंटीत माझे लिहिणे खरे आहे हे जाणणारा तू एकच वाचक होतास. तुला आवाज जाऊ नये म्हणून मी मोटार चालू केली नाही. वल्ह्यानेच होडी फिरवली, आणि परतीचा सगळा तलाव वल्हवत काढला.

ग्रेडी